धारणेपाशी थांबलेले धम्मवर्ग

आषाढी पौर्णिमेला वर्षावासाचा प्रारंभ झाला की महाराष्ट्रातील अनेक बुद्धविहारांत सायंकाळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते आणि ते आश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांसाठी बालसंस्कार शिबिरे भरतात. दहा दिवसांची श्रामणेर शिबिरे होतात, उपासिकांची शिबिरे होतात. रविवारी वंदनेनंतर बालवर्ग घेतला जातो. काही ठिकाणी पालि भाषेचे वर्ग चालतात. बुद्धपौर्णिमा, भीमजयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन या निमित्ताने वक्तृत्व, चित्रकला आणि प्रश्नमंजूषा यांच्या स्पर्धा होतात. या सर्व उपक्रमांना या लेखापुरते 'धम्मवर्ग' असे एकच नाव देते.

हे वर्ग बहुधा कोणत्याही अनुदानाशिवाय चालतात. शिकविणारे म्हणजे नोकरी सांभाळून येणारे शिक्षक, निवृत्त कर्मचारी, बौद्धाचार्य आणि वस्तीतील स्त्रिया. खडू आणि सतरंजी यांचा खर्चही पुष्कळदा तेच करतात. अशा कार्याविषयी टीकेचे चार शब्द लिहिताना संकोच वाटतो. तथापि गेली पंधरा-सोळा वर्षे पालिची अध्यापिका या नात्याने मी अशा वर्गांत पाहुणी म्हणून, परीक्षक म्हणून आणि अधूनमधून शिक्षिका म्हणून बसत आले आहे, आणि एक गोष्ट मला पुनःपुन्हा जाणवली आहे. आपले वर्ग धम्म ऐकवितात, धम्म पाठ करून घेतात. आणि जेथून अर्थाची परीक्षा सुरू व्हावयाची, नेमके तेथे ते सुटतात. प्रस्तुत लेखात या उणिवेचा विचार पालि साहित्याच्या आणि बाबासाहेबांच्या ग्रंथाच्या आधारे करावयाचा आहे.

१. चंकी सुत्ताची कसोटी

मज्झिम निकायातील चंकी सुत्त या प्रश्नाला थेट भिडणारे आहे. कोसल देशातील ओपासाद या ब्राह्मणग्रामी तथागत आले असता वृद्ध ब्राह्मणांशी त्यांचे संभाषण चालू होते. तेथे कापठिक नावाचा सोळा वर्षांचा एक विद्यार्थी मध्ये मध्ये बोलू लागला. वडीलधाऱ्यांचे बोलणे पुरे होईपर्यंत थांब, असे तथागतांनी त्याला सांगितले. हा मुलगा विद्वान आहे, तो चर्चा करू शकतो, असे चंकीने म्हटल्यावर मात्र तथागतांनी त्याच्याकडे नजर वळविली आणि मुलाने आपला प्रश्न विचारला. परंपरेने तोंडपाठ होत आलेली प्राचीन मंत्रवचने हेच एकमेव सत्य, बाकी सर्व मिथ्या, असे ब्राह्मण म्हणतात. आपले मत काय, असा तो प्रश्न होता.

तथागतांनी उलट विचारले की, या ब्राह्मणांपैकी, त्यांच्या आचार्यांपैकी, सात पिढ्यांपर्यंतच्या आचार्यांच्या आचार्यांपैकी असा एक तरी आहे काय, जो म्हणेल की हे मी स्वतः जाणतो, पाहतो? नाही, असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी एकमेकांना धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेचा दृष्टांत दिला. पहिल्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही, शेवटच्यालाही दिसत नाही.

या सुत्ताचा उल्लेख आपण नेहमी वेदप्रामाण्याच्या खंडनासाठी करतो. ते योग्यच आहे. परंतु सुत्त तेथे संपत नाही. पुढे सत्यापर्यंत पोहोचण्याच्या पायऱ्या क्रमाने सांगितल्या आहेत. माणूस गुरूची लोभ, द्वेष आणि मोह या तीन बाबतींत पारख करतो. मग त्याच्या ठायी श्रद्धा उत्पन्न होते. नंतर तो जवळ जातो, बसतो, कान देतो, धम्म ऐकतो, ऐकलेले धारण करतो. या धम्मधारणेच्या पुढची पायरी 'अत्थूपपरिक्खा', म्हणजे अर्थाची बारकाईने परीक्षा. त्यानंतर पटणे, इच्छा, उत्साह, तुलना आणि प्रयत्न. या क्रमात श्रद्धेच्याही आधी पारख आहे आणि धारणेच्या नंतर पुन्हा परीक्षा आहे. पाठांतराला त्यात मानाचे स्थान आहे, पण ते मधल्या पायरीचे. आंधळ्यांच्या रांगेचा दृष्टांत केवळ वैदिकांनाच लागू पडतो, अशी समजूत आपण करून घेऊ नये. अर्थ न जाणता जी जी वचने पुढच्या पिढीच्या हाती दिली जातील, त्या सर्वांना तो लागू आहे.

२. पंचशीलाचे पाठांतर

पाठांतराला मी तुच्छ लेखत नाही. संपूर्ण तिपिटक कित्येक शतके भाणकांच्या मुखात राहिले आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात लेखनिविष्ट झाले. आपल्याकडेही १९५६ नंतर ज्या माउलींना अक्षरओळख नव्हती, त्यांनी त्रिशरण-पंचशील कानांनीच शिकून घेतले. शतकानुशतके ज्यांना धर्मवचन ऐकण्याचीही बंदी होती, त्यांनी ते स्वमुखाने म्हणणे ही क्रांतीच होती. त्या पिढीचे पाठांतर आणि आजच्या मुलांचे पाठांतर मात्र एका मापाने मोजता येणार नाही. त्या पिढीला अर्थ सांगणारे फार थोडे होते. आज वस्तीवस्तीत पदवीधर आहेत.

असे असूनही वर्गात काय घडते? मुले पंचशील एका दमात, एका चालीत म्हणतात. 'सिक्खापदं' हा शब्द मध्येच तुटतो, 'समादियामि'चे दोन तुकडे पडतात. एका वस्तीतील बालवर्गात आठ-नऊ वर्षांच्या मुलीने मला विचारले, "मॅडम, वेरमणी कोण होती?" वर्गातील मोठी माणसे हसली. मला त्या मुलीचे कौतुक वाटले, कारण त्या वर्गात अर्थ विचारणारी ती एकटीच होती. तिने निदान शब्दरूपावरून तर्क तरी केला होता. आणि गंमत अशी की 'वेरमणी' हे नाम पालित स्त्रीलिंगीच आहे. त्याचा अर्थ विरती, परावृत्त होणे.

या तीन शब्दांचा अर्थ मुलांना सांगितला तर केवढे दार उघडते! 'सिक्खापद' म्हणजे शिकण्याचे पाऊल, शिक्षणाचा एक घटक. 'समादियामि' हे उत्तम पुरुषाचे एकवचन आहे. मी स्वीकारतो, मी स्वीकारते. पालि क्रियापदाला लिंगभेद नसल्यामुळे भाऊ आणि बहीण एकच रूप उच्चारतात. म्हणजे पंचशील ही कोणी वरून दिलेली आज्ञा नाही. 'तू असे करू नकोस' असे तेथे कोणी सांगत नाही. 'मी हे शिकण्याचे पाऊल आपणहून उचलते' असे म्हणणारी व्यक्ती तेथे आहे. आज्ञाधारकपणा आणि स्वीकार यांतील हे अंतर दहा वर्षांच्या मुलाला समजते. ते समजले नाही, तर आपले शील आणि इतर धर्मांतील आज्ञा यांत मुलाला काही फरक दिसणार नाही.

पाचव्या शीलातील 'सुरामेरयमज्जपमादट्ठाना' या लांब समासाची तर मुलांना भीतीच वाटते. तो फोडून दाखविला की सुरा, मेरय आणि मज्ज ही मादक पेयांची नावे वेगळी होतात आणि शेवटी 'पमादट्ठान', म्हणजे प्रमादाचे कारण, हे पद उरते. पाच शीलांपैकी या एकाच शीलाने आपले कारण आपल्याच पोटात सांगितले आहे. मद्य का नको, याचे उत्तर पापपुण्यात दिलेले नाही. भान सुटते म्हणून नको, असे ते शील सांगते. ज्या घरात रोज संध्याकाळी याचा अनुभव येतो, त्या घरातील मुलाला हे समासविग्रहाचे पाच मिनिटांचे काम किती उपयोगी पडेल, याचा शिक्षकांनी विचार करावा.

३. मुलांना सांगितले जाणारे बुद्धचरित्र

बालशिबिरांतील चित्रकला स्पर्धेत एक विषय ठरलेला असतो : रथातून निघालेला राजपुत्र सिद्धार्थ आणि वाटेत दिसलेले म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी. मुले सुंदर चित्रे काढतात. भिंतीवर ती लावली जातात. त्याच भिंतीखाली वर्षावासात मोठी माणसे जो ग्रंथ वाचतात, त्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी पहिलाच प्रश्न असा उपस्थित केला आहे की, या चार दृश्यांमुळे सिद्धार्थाने परिव्रज्या घेतली हे उत्तर बुद्धीला पटणारे नाही. जरा, व्याधी आणि मरण या नित्याच्या गोष्टी एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर पाहिल्याच नव्हत्या, हे कसे शक्य आहे?

ग्रंथातील उत्तर सर्वज्ञात आहे. सिद्धार्थ विसाव्या वर्षी शाक्य संघाचा सभासद झाला. पुढे आठ वर्षांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा पेटला. युद्धाच्या ठरावाला त्याने विरोध केला, तो अल्पमतात गेला, आणि त्यातून त्याने परिव्रज्येचा मार्ग स्वीकारला. म्हणजे एकाच विहारात मुलांना एक चरित्र सांगितले जाते आणि त्यांच्या आईवडिलांना दुसरे. मुलगा मोठा झाला की त्याला दोन्ही माहीत होतात आणि दोहोंचा मेळ कसा घालावा हे त्याला कोणी सांगत नाही.

येथे पालिच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. दीघ निकायातील महापदान सुत्तात चार दृश्यांची कथा आहे, परंतु ती विपस्सी या पूर्वबुद्धाविषयी सांगितलेली आहे. गौतमाविषयी ती विस्ताराने येते ती जातकट्ठकथेच्या निदानकथेत, म्हणजे पुष्कळ नंतरच्या ग्रंथात. मज्झिम निकायातील अरियपरियेसन सुत्तात तथागत स्वतःच्या गृहत्यागाविषयी सांगतात तेव्हा रथ, सारथी आणि मध्यरात्र यांचा उल्लेखच नाही. आईवडील अश्रू ढाळीत असताना आपण केशवपन करून घर सोडले, एवढेच तेथे आहे. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात शस्त्रधारणातून उपजणाऱ्या भयाचे आणि थोड्या पाण्यातील माशांप्रमाणे तडफडणाऱ्या माणसांचे वर्णन आहे. धर्मानंद कोसंबी यांनी गृहत्यागाच्या कारणाचा विचार करताना याच सुत्ताकडे लक्ष वेधले होते.

मुलांपासून चार दृश्यांची कथा लपवावी, असे माझे म्हणणे नाही. अजिंठ्याच्या भिंती आणि बौद्ध जगताची सारी कला अशा कथांनी भरलेली आहे; त्या माहीत नसलेले मूल आपल्याच वारशाला पारखे होईल. बारा वर्षांपुढील मुलांसमोर मात्र दोन्ही वृत्तांत ठेवावेत आणि बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न त्यांनाच विचारावा. कोणता वृत्तांत कोठे आला आहे, कोणता आधी, कोणता नंतर, कोणता पटतो आणि का? एका तासाचा हा वर्ग मुलाला आयुष्यभर पुरेल, कारण त्यात बुद्धचरित्राबरोबर प्रमाणाचा विचारही तो शिकेल. कालाम सुत्ताचे नाव भाषणात घेणे सोपे आहे. ते वर्गात आचरणे म्हणजे हेच.

४. प्रौढांचे ग्रंथवाचन

वर्षावासातील ग्रंथवाचन हा आपला सर्वांत मोठा प्रौढशिक्षणाचा उपक्रम आहे. बाबासाहेबांनी या ग्रंथाची रचना लहान, क्रमांकित परिच्छेदांत केली. मोठ्याने वाचण्यास ती सोयीची आहे. तथापि मी ज्या ज्या विहारांत बसले, तेथे वाचनाची एकच रीत दिसली. एक जण वाचतो, बाकीचे हात जोडून ऐकतात, ठरलेली पाने झाली की तीन वेळा साधुकार होतो, खीरदान किंवा भोजनदान होते आणि लोक घरी जातात. ग्रंथापुढे मेणबत्ती असते. ग्रंथाविषयी प्रश्न नसतो.

बहुतेक ठिकाणी वाचन पहिल्या खंडापासून सुरू होते. प्रास्ताविक वगळले जाते. त्याच प्रास्ताविकात बाबासाहेबांनी परिव्रज्या, चार आर्यसत्ये, कर्म व पुनर्जन्म आणि भिक्खूचे प्रयोजन असे चार प्रश्न मांडले आहेत, आणि वाचकांनी पुढे येऊन ते सोडविण्यास आपला हातभार लावावा अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. ज्या ग्रंथाची सुरुवात वाचकाला विचार करण्याचे आवाहन करून होते, तो आपण ते आवाहन वगळून पोथीप्रमाणे ऐकतो. जी पोथीनिष्ठा सोडण्यासाठी आपण धर्मांतर केले, ती मागील दाराने परत येत असेल तर सावध झाले पाहिजे.

त्याच ग्रंथाच्या चौथ्या खंडात बुद्धवचनाच्या विपर्यासाची चर्चा आहे. भाणकांच्या स्मरणावर भिस्त असल्यामुळे चुका कशा शिरल्या, हे सांगताना बाबासाहेब अलगद्दूपम सुत्तासह पाच सुत्तांचा दाखला देतात आणि जे विवेकाशी आणि लोकहिताशी जुळत नाही ते बुद्धवचन म्हणून स्वीकारता येणार नाही, अशी कसोटी घालून देतात. अलगद्दूपम सुत्तात सापाचा दृष्टांत आहे. काही लोक धम्म पाठ करतात, पण प्रज्ञेने त्याच्या अर्थाची परीक्षा करीत नाहीत. दुसऱ्यावर दोषारोप करण्यासाठी आणि वादात जिंकण्यासाठीच ते शिकतात. सापाला शेपटीकडून धरणाऱ्याप्रमाणे त्यांची गत होते. आपल्या सभांतून धम्म पुष्कळदा याच कामी येतो, हे मान्य करण्यास संकोच नसावा.

५. माझ्या आईचा प्रश्न

येथे एक घरगुती प्रसंग सांगण्याची अनुज्ञा घेते. माझी आई विदर्भातील बिडी कामगार. ती शाळेत गेली नाही, पण संपूर्ण वंदना तिला मुखोद्गत होती. मी पालि विषयात एम.ए. झाले त्या वर्षी तिने विचारले, "काय गं, इतकी वर्षं म्हणतो आपण, अदिन्नादाना म्हणजे नेमकं काय?"

मी तिला व्याकरण सांगितले. 'दा' धातूचे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित 'दिन्न', नकारार्थी 'अदिन्न', त्याला 'आदान' जोडला. आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे न दिलेलं घेणं." मी होय म्हटले. त्यावर ती म्हणाली, "मग ठेकेदाराचा माणूस खराब म्हणून बिड्या बाजूला काढायचा, त्याचे पैसेही द्यायचा नाही आणि बिड्याही ठेवून घ्यायचा, ते काय होतं? आम्ही तर शील म्हणताना आपणच चोरी करू नये एवढंच समजत होतो."

माझ्याजवळ पदवी होती. अर्थाची परीक्षा तिने केली. 'चोरी करू नये' असा रूढ अर्थ घेतला तर दुसरे शील गरिबाला धाक घालणारे ठरते. 'न दिलेले घेऊ नये' असा शब्दशः अर्थ घेतला की ते श्रमाचे मोल बुडविणाऱ्यालाही जाब विचारते. चाळीस वर्षांच्या पाठांतरात जे घडले नाही, ते एका समासाच्या विग्रहाने काही क्षणांत घडले. दोष आईचा नव्हता, तिला वंदना शिकविणाऱ्यांचाही नव्हता. ज्यांना हा विग्रह ठाऊक होता त्या आम्ही विद्यापीठीय मंडळींनी तो विहारापर्यंत नेला नाही, हा दोष आमचा. पाठभेदांवर आम्ही निबंध लिहिले. वस्तीतील शिक्षिकेच्या हाती देता येईल असे सुबोध, क्रमवार पालि पाठ्यपुस्तक लिहिणे आम्हाला कमी प्रतीचे काम वाटले. बाबासाहेबांना ते तसे वाटले नव्हते. अगणित कामांच्या रगाड्यात त्यांनी पालि शब्दकोश आणि व्याकरण यांचे काम केले, 'बौद्ध पूजापाठ' सिद्ध केला. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या साहित्याच्या सोळाव्या खंडात ते प्रसिद्ध केले. त्या कोशात पालि शब्दांना इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि गुजराती अर्थ दिले आहेत. सामान्य उपासकापर्यंत शब्दाचा अर्थ पोहोचावा, ही तळमळ त्यामागे नसेल तर दुसरे काय असेल?

६. पालि वर्गांविषयी

दि. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठी, पालि, प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. आपल्या समाजात त्याचा आनंद झाला, तो योग्यच होता. पण दर्जा मिळाल्याने भाषा येत नाही. पालि वर्गांची सुरुवात बहुतेक ठिकाणी नामाच्या आठ विभक्ती चालविण्यापासून होते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वर्ग रिकामा होतो.

मराठी मुलाला पालिकडे नेणारी वाट याहून जवळची आहे. हत्थ–हात, सत्त–सात, अट्ठ–आठ, कम्म–काम, सप्प–साप, दुद्ध–दूध, अज्ज–आज, कण्ण–कान. फळ्यावर ही यादी लिहून नियम मुलांनाच शोधू द्यावा. पालितील जोडाक्षराचे मराठीत एक अक्षर होते आणि आधीचा स्वर दीर्घ होतो, हे सातवीची मुले स्वतः सांगतात. मी हे पुष्कळ वर्गांत करून पाहिले आहे. याबरोबर एक पथ्यही पाळावे. पालि ही मराठीची साक्षात जननी आहे, असे सरसकट सांगितले जाते. मराठीचा निकटचा संबंध महाराष्ट्री प्राकृताशी आहे. पालि ही त्याच मध्य भारतीय आर्य भाषासमूहातील वडीलधारी भाषा. अभिमानासाठी खोटे सांगण्याची आपल्याला गरज नाही.

भाषेविषयी तथागतांची भूमिका अरणविभङ्ग सुत्तात स्पष्ट आहे. एकाच भांड्याला वेगवेगळ्या जनपदांत वेगवेगळी नावे आहेत. आपलेच नाव खरे, असा आग्रह धरू नये, असे ते सांगतात. म्हणून पालि उच्चारली की पुण्य लाभते, ही समजूत धम्माला धरून नाही. वंदना पालित राहावी. तिने आपल्याला श्रीलंका, म्यानमार आणि थायलंड येथील बांधवांशी जोडले आहे. तिच्या पाठोपाठ अर्थ मात्र वऱ्हाडीत, मालवणीत, अहिराणीत, जी भाषा घरात बोलली जाते तीत यावा.

७. दोन आक्षेप आणि काही सूचना

यावर पहिला आक्षेप असा येतो की लहान मुलांना अर्थ काय समजणार? अट्ठकथेप्रमाणे राहुल सात वर्षांचा असताना त्याला अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्ताचा उपदेश झाला. तेथे तथागतांनी व्याख्यान दिले नाही. भांड्यात थोडे पाणी ठेवून विचारले, हे दिसते का? ते ओतून टाकले, भांडे पालथे केले, पुन्हा सरळ केले आणि प्रत्येक वेळी विचारले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची लाज नसणाऱ्याचे श्रमणपण तसेच थोडे, फेकून दिलेले, पालथे, रिकामे असते, हे त्या भांड्यावरून मुलाला दिसले. मग आरसा कशासाठी असतो, असा प्रश्न केला. आणि कर्म करण्यापूर्वी, करताना व केल्यावर ते स्वतःला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा देते काय, हे तपासून पाहण्यास शिकविले. तांब्याभर पाणी आणि आरसा कोणत्याही विहारात मिळेल.

थेरगाथेत सोपाकाच्या गाथा आहेत. त्याच्या जन्माविषयी परंपरेतील कथा भिन्न असल्या तरी सोपाक हा शब्द त्या काळी हीन लेखलेल्या श्वपाकांचा वाचक आहे. तथागतांनी त्याला प्रश्न विचारले, त्याने न भिता उत्तरे दिली, आणि सातव्या वर्षी तीच त्याची उपसंपदा ठरली. खुद्दकपाठातील कुमारपञ्ह हे दहा प्रश्नांचे पाठ त्याच्याशीच जोडले जातात. त्यातील पहिल्याच प्रश्नाचे उत्तर सर्व प्राणिमात्र आहारावर अवलंबून आहेत, असे आहे. या नावाच्या मुलाला प्रश्न विचारला गेला, त्याच्या उत्तराला मान मिळाला, हे आपल्या बालवर्गांनी भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप असा की प्रश्नांना वाव दिला तर श्रद्धा ढळेल, समाजात फाटाफूट होईल. चंकी सुत्ताने त्याचे उत्तर दिले आहे. तेथे श्रद्धा पारखीनंतर येते. शिवाय आपली सुशिक्षित मुले विहारात का येत नाहीत, याचाही विचार करावा. ती नास्तिक झाली म्हणून येत नाहीत, असे मला वाटत नाही. त्यांच्या प्रश्नांना तेथे जागा नाही, हे त्यांनी लहानपणीच पाहिलेले असते.

सूचना थोड्याच आणि साध्या आहेत. बालवर्गात एका महिन्याला एकच शील घ्यावे. त्यातील प्रत्येक शब्द फोडावा आणि त्या महिन्यात ते कोठे आठवले, हे मुलांनी सांगावे. ग्रंथवाचन प्रास्ताविकापासून सुरू करावे. अर्धा तास वाचन आणि अर्धा तास चर्चा असा नियम ठेवावा. दर आठवड्याला वाचणारी व्यक्ती बदलावी आणि तीत स्त्रियांचा वाटा निम्मा असावा, कारण ऐकणाऱ्यांत त्या निम्म्याहून अधिक असतात. धम्म परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांत जन्मस्थळे आणि तिथी यांच्या जोडीला एक तरी प्रश्न असा असावा, ज्याचे उत्तर पुस्तकात नाही. 'पंचशील लिहा' याऐवजी 'दुकानदाराने चुकून जास्त पैसे परत दिले, ते दिन्न की अदिन्न? कारण सांगा' असे विचारून पाहावे. शिक्षकाला उत्तर ठाऊक नसेल तर त्याने तसे सांगावे आणि पुढच्या रविवारी शोधून आणावे. आणि पालिच्या प्रत्येक प्राध्यापकाने व संशोधकाने महिन्यातील एक रविवार एका विहाराला द्यावा. हा नियम मी गेल्या वर्षावासापासून स्वतःला लावून घेतला आहे. उशिरा लावला, याची खंत आहे.

राजस्थानातील बैराट येथे सापडलेला आणि आता कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत असलेला सम्राट अशोकाचा शिलालेख भाब्रू लेख म्हणून प्रसिद्ध आहे. मगधाच्या संघाला अभिवादन करून अशोकाने त्यात सात धम्मपर्यायांची नावे दिली आहेत. सामान्य उपासकांसाठी सुचविलेला बौद्ध अभ्यासक्रम म्हणून इतका जुना दुसरा पुरावा माझ्या वाचनात नाही. त्या सातांतील शेवटचा, असत्य भाषणाविषयीचा राहुलाला केलेला उपदेश म्हणजे वर सांगितलेले भांड्याचे आणि आरशाचे सुत्त, असे अभ्यासक मानतात. हे पाठ भिक्खू आणि भिक्खुनींनी, तसेच उपासक आणि उपासिकांनीही वारंवार ऐकावेत आणि मनात धरून त्यांचा विचार करावा, अशी इच्छा सम्राटाने दगडावर कोरून ठेवली आहे. ऐकण्याचे काम आपल्या विहारांत चालू आहे. त्या मुलीने वेरमणी कोण, असे पुन्हा विचारले, तर हसण्याऐवजी तिला उत्तर देणारा एक माणूस प्रत्येक वर्गात असावा, एवढीच अपेक्षा.